ड्राइव्हवे घालण्याआधी जमीन कशी तयार करावी

नवा ड्राइव्हवे खचला की पहिला दोष काँक्रीटला किंवा ब्लॉकला दिला जातो. उकरून पाहिले तर खाली बहुधा भिजून मऊ झालेली माती सापडते, नाहीतर एकदम ओतून वरवर दाबलेली खडी. हे काम नंतर दिसत नाही, म्हणून घाई नेमकी इथेच होते. वरचा थर बदलता येतो. खालचा बदलायचा तर सगळेच उखडावे लागते.

माती ओळखा

ठरलेल्या जागेत दोन-तीन ठिकाणी ४० ते ५० सेंमी खोल खड्डे घ्या. त्यांतला एक सखल भागात हवाच. तळाची मूठभर माती ओली करून मळा आणि तळहातावर वळा. शेवईसारखी ३ मिमी जाडीची वळी न तुटता झाली, तर तिच्यात चिकणमातीचे प्रमाण बरेच आहे. अशी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. वरचा थरही तिच्याबरोबर वरखाली होतो. वळी होण्याआधीच भुगा झाला तर माती रेताड आहे. मुरूम लागला तर नशीब चांगले.

नुकत्याच बांधलेल्या घराभोवती आणखी एक धोका असतो. पायाच्या बाजूचा भरावा, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांचे चर, आणि त्यांत ढकललेले विटांचे तुकडे, रिकाम्या गोण्या, फळ्यांचे तुकडे. लाकूड कुजले की तिथे पोकळी राहते. असा भराव सापडला तर पूर्ण काढा आणि चर १० ते १५ सेंमीच्या थरांनी पुन्हा भरून दाबून घ्या. शौचटाकी वाटेत येत असेल तर आखणीच बदला. तिची साधी झाकणे गाडीच्या वजनासाठी नसतात.

आखणी आणि उतार

एका गाडीसाठी ३ मीटर रुंदी सोयीची पडते. वळणावर त्याहून जास्त लागते. खुंट्या ठोका, दोरी ताणा, फक्कीने रेषा मारा. काटकोन साधण्यासाठी एका बाजूवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर मोजा. तिरके अंतर बरोबर ५ मीटर भरले पाहिजे.

आता लेव्हल. पारदर्शक नळीत पाणी भरून घराच्या जोत्यापासून सगळ्या खुंट्यांवर एक समान खूण करा. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकते, म्हणून आधी दोन्ही तोंडे शेजारी धरून पाणी एका रेषेत येते का ते पाहा. तयार पृष्ठभाग घराच्या ओल-रोधक थरापेक्षा (जमिनीची ओल भिंतीत चढू नये म्हणून जोत्याशी घातलेला थर) किमान १५ सेंमी खाली हवा आणि उतार घरापासून दूर. दर मीटरला २ सेंमी उतार ठेवा. जमीन घराकडेच उतरत असेल तर भिंतीच्या अलीकडे आडवी जाळीची गटार लागणार, हे आत्ताच ठरवा.

एक गोष्ट हमखास विसरली जाते: खोदाईच्या तळालाही हाच उतार द्यायचा. वर उतार आणि खाली सपाट बशी असेल, तर सांध्यांतून झिरपलेले पाणी त्या बशीत साचून राहते.

किती खोदायचे

वरून खाली थर मांडून बेरीज करा. काँक्रीटसाठी १२ सेंमी स्लॅब आणि १५ सेंमी खडी, म्हणजे २७ सेंमी. पेव्हर ब्लॉकसाठी ८ सेंमी ब्लॉक, ३ सेंमी वाळू, २० सेंमी खडी, म्हणजे ३१ सेंमी. तळ चिकणमातीचा असेल तर आणखी १० ते १५ सेंमी खोल जा आणि तेवढी खडी वाढवा.

दोन्ही कडांना २० सेंमी जास्त खोदा. चाक कडेजवळून जाते तेव्हा भार तिरका खाली पसरतो. कडेखाली खडीच नसेल तर कड मोडते.

३ मीटर रुंद आणि १० मीटर लांब काँक्रीटच्या वाटेचा हिशेब असा: खोदाई ३.४ × १० × ०.२७, म्हणजे सुमारे ९.२ घनमीटर. माती मोकळी झाली की पंचवीस ते तीस टक्के फुगते, तेव्हा साधारण १२ घनमीटर माती हलवायची तयारी ठेवा. वरची काळपट, मुळांची माती वेगळी काढा. ती बागेत चालते, भरावात कधीच नाही. मुळे आणि बुंधे खणून काढा. मोठा धोंडा अर्धवट वर आला असेल तर तोही काढा, कारण आजूबाजूची जमीन बसते, धोंडा बसत नाही, आणि स्लॅबला भेग नेमकी त्याच्यावर जाते.

चुकून एखाद्या ठिकाणी जास्त खोदले गेले तर तीच माती परत लोटू नका. तो खळगा खडीने भरून दाबा.

पुढे दिव्याची केबल किंवा बागेचे पाणी पलीकडे न्यायचे असेल तर १०० मिमीचा रिकामा पीव्हीसी पाइप आताच आडवा पुरून ठेवा आणि दोन्ही तोंडे बंद करा.

तळाची दबाई

मातीत ओल नेमकी हवी. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. दोन-चार तुकडे झाले तर ओल योग्य. भुगा झाला तर पाणी शिंपडा. चपटी होऊन चिकटली तर थांबा आणि वाळू द्या. ओल्या चिकणमातीवर यंत्र फिरवले की ती रबरासारखी हलते, दबत मात्र नाही.

प्लेट कॉम्पॅक्टरच्या (थरथरत्या सपाट पत्र्याने जमीन दाबणारे यंत्र) चार फेऱ्या मारा, दर पट्ट्यात आधीच्या पट्ट्याचा थोडा भाग घेत. भिंतीलगत आणि कोपऱ्यात हाताचे धुम्मस वापरा. मग १२ मिमीची सळई ठिकठिकाणी अंगाच्या जोराने खुपसा. कुठे ती सहज १०-१५ सेंमी आत गेली, तर तेवढा मऊ भाग खणून खडी भरा. वर खडी जाड घातली की चालेल, हा समज महागात पडतो.

खोदलेला तळ उघडा ठेवून पावसाची वाट पाहू नका. भिजलाच तर वरचा चिखल खरवडून काढा. चिखलावर टाकलेली खडी त्यात रुतते आणि चाकांच्या दाबाने चिखल खडीतून वर येतो.

चिकणमातीच्या तळावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. जोडावर किमान ३० सेंमी एकावर एक येऊ द्या. ते माती आणि खडी वेगळी ठेवते, पण पाणी जाऊ देते. प्लास्टिकचा कागद त्याची जागा घेऊ शकत नाही.

खडीचे थर

खडी दगड फोडून केलेली, कोनदार आणि ४० मिमीपासून भुकटीपर्यंत मिसळ आकाराची घ्या. लहान कण मोठ्यांच्या फटीत बसतात आणि सगळे एकमेकांत अडकते. नदीतली गोल गोटी कितीही दाबली तरी घरंगळतेच.

वरच्या उदाहरणात १५ सेंमी दाबलेल्या थराला ५.१ घनमीटर लागेल. दाबल्यावर खडी बसते, म्हणून सुमारे ६.४ घनमीटर मागवा. ती एका दमात पसरू नका. लहान प्लेट कॉम्पॅक्टरचा जोर १० सेंमीच्या खाली फारसा पोचत नाही. जाड थराचा वरचा भाग कडक लागतो आणि खालचा सैल राहतो. दोन थर करा, प्रत्येकावर हलके पाणी शिंपडा, चार ते सहा फेऱ्या मारा, कडेकडून मध्याकडे.

तपासणी

३ मीटर लांबीची सरळ पट्टी आडवी-उभी ठेवून पाहा. खाली १० मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे वरून नुसती भुकटी पसरू नका. थर थोडा खरवडून खडी मिसळा आणि पुन्हा दाबा. पेव्हर ब्लॉकच्या कामात खळगे वाळूने भरून लेव्हल करण्याची सवय सर्रास दिसते. वाळू नंतर दबते आणि खळगा जिथे होता तिथेच वर उमटतो.

शेवटी भरलेली गाडी खडीवरून अगदी सावकाश न्या आणि कोणी तरी चाकांकडे पाहत चाला. चाकापुढे जमीन लाटेसारखी हलली, किंवा मागे ठळक चाकोरी उरली, तर तो तुकडा तळापर्यंत उघडा. काँक्रीट ओतण्याच्या दिवशी खडीवर पाणी मारून ती ओलसर करा, नाहीतर कोरडी खडी काँक्रीटमधले पाणी शोषून घेते. मात्र कुठेही डबके राहू देऊ नका.