बोडीवर काय दिसलं, ते कसं लिहावं आणि कुणाला सांगावं

पळस झडून मोह टपकायला लागला की आमच्या भंडारा-गोंदियातल्या साकोली-नवेगावबांध पट्ट्यात सगळं जिवंत पाण्याजवळ गोळा होतं. बोड्या, म्हणजे छोटी तळी, आटतात. मोठ्या मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावांचं पाणी उन्हाळी धानाला सुटलेलं असतं. जे डबकं उरतं त्याच्याभोवती बगळ्यापासून रानडुकरापर्यंत सगळे हजेरी लावतात. मी पहाटे मोटारसायकलवर दूध गोळा करत फिरतो, त्यामुळे तलावाच्या पाळीवरून उजाडताना जाणं मला चुकत नाही, आणि केंद्रावर बरणी रिकामी करता करता लोक बातम्याही देतात. "भाऊ, बोडीत लय मोठा पक्षी होता जी." केवढा, कधी, कोणत्या बोडीत, एकटा की जोडी, यातलं काहीच नाही. तीच बातमी संध्याकाळपर्यंत शेजारच्या गावात "सारस आला" होऊन पोचते. सारस म्हणजे आमच्याकडचा दुर्मीळ, उंच पक्षी.

म्हणून हे लिहितोय. महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो ५ ते १२ नोव्हेंबर, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. तेव्हा पाहुणी बदकं आलेली असतात, हवा चांगली असते, दुर्बिणीवाली मंडळीही येतात. चैत-वैशाखात इथे कोणी फिरकत नाही. या दिवसांतलं जे काही लिहिलं जाईल ते गावात राहणाऱ्यांनीच लिहायचं आहे.

वही लागते, महागडी काही नको. मी दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं वापरतो. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या आणि पाण्याची स्थिती. नमुना देतो: "१४ एप्रिल, स. ६.१०, गावतलाव, पूर्वेची पाळ. उघडचोच १७. अडई अंदाजे ६०. सारस नाही. पाणी निम्म्याहून कमी, मधे चिखल उघडा. सोबत एक ढोरकी." बस. उघडचोच हा करकोचा, अडई हे छोटं बदक, ढोरकी म्हणजे गुरं राखणारा. यातलं "सारस नाही" लोकांना फालतू वाटतं, पण रोज जाणाऱ्या माणसानं "नाही" लिहिलं तर त्याला मोल असतं. पक्षी नेमका कोणत्या आठवड्यात पाणी सोडून गेला ते त्यावरूनच कळतं. पाणी किती होतं तेही म्हणूनच लिहायचं.

जागेवर लिहा. घरी जाऊन जेवणानंतर आठवून लिहिलेला थवा हमखास फुगलेला असतो. मोठा थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी नीट मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरा आणि तेवढे तुकडे पुढे मोजत जा. आकड्यापुढे "अंदाजे" लिहायला लाजू नका. वेळ साडेपाच ते साडेआठ. नऊनंतर ऊन चढलं की पक्षी झाडात शिरतात आणि तुमचंही डोकं तापतं. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा जा. डोक्याला दुपट्टा आणि बाटलीत पाणी हवंच, पंचेचाळीस अंशांत हौस बाजूला ठेवावी लागते.

आता ओळखीचं. या दिवसांत सगळ्यात जास्त घोटाळा नव्या पक्ष्यांचा होत नाही, रोजच्याच पक्ष्यांचा होतो, कारण ते विणीचे कपडे घालतात. ढोकरी म्हणजे आपला मातकट भुरा बगळा. त्याची पाठ गडद तांबडी-तपकिरी होते, आणि मला दर वर्षी कोणीतरी "नवीन लाल बगळा" म्हणून फोटो पाठवतं. गायबगळ्याचं डोकं, मान आणि पाठ नारिंगी होते. कमळपक्ष्याला लांब वळणदार काळी शेपटी फुटते. कोकिळेची मादी ठिपक्यांची तपकिरी असते, तिला लोक ससाणा समजतात. पावशा तर दिसायला हुबेहूब शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी. चोच पाहा: शिक्र्याची आकडीसारखी वाकलेली, पावशाची जवळजवळ सरळ. आणि पावशा ओरडायला लागला की प्रश्नच उरत नाही.

टिटव्या दोन आहेत. पाण्याजवळची, डोळ्यापुढे लाल कातडी असलेली ती नेहमीची. कोरड्या पडीत जमिनीवर काळी टोपी आणि पिवळी गाठ असलेली ती माळटिटवी. वहीत नुसतं "टिटवी" लिहू नका, कोणती ते लिहा.

सारसाबद्दल जरा जास्त सांगतो, कारण राज्यातले उरलेले सारस जवळजवळ सगळे गोंदिया जिल्ह्यात आहेत आणि चुकीची बातमीही सर्वांत जास्त त्याचीच पसरते. सारस जगातल्या उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच. राखाडी अंग, डोकं आणि मानेचा वरचा भाग लाल. तो झाडावर बसत नाही. लांब पायांचा मोठा पक्षी झाडावर दिसला की तो सारस नाही, तिथेच विषय संपला. शेपटीकडे गुलाबी झाक आणि पिवळी चोच असेल तर चित्रबलाक. चोच मिटली तरी मधे फट दिसत असेल तर उघडचोच, तो चिखलात गोगलगायी शोधत असतो. काळं अंग आणि पांढरी लोकरी मान असेल तर पांढऱ्या मानेचा करकोचा. उडताना मान दुमडलेली असेल तर बगळ्यांपैकी काहीतरी, सारस आणि करकोचे मान सरळ ताणून उडतात. खात्री नसेल तर "मोठा राखाडी पक्षी, ओळख पटली नाही" असं लिहा. ओढूनताणून दिलेल्या नावापेक्षा ही ओळ जास्त कामाची.

पाहुण्यांची शेवटची तारीखही टिपा. पहिलं बदक कधी आलं ते सगळे सांगतात, शेवटचं कधी गेलं ते कुणालाच आठवत नाही. तलवार बदक, पट्टकादंब आणि पळसावर झुंबड करणाऱ्या भोरड्या यांच्यापुढे मी ज्या ज्या दिवशी दिसतील त्या त्या दिवशी खूण करतो. खुणा थांबल्या की शेवटची तारीख आपोआप मिळते.

हे सगळं वहीतच राहिलं तर उंदरांच्या कामाचं. पुढे पाठवायला ई-बर्ड हे पक्षीनोंदींचं ॲप बरं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेनं ते २००२ साली सुरू केलं आणि त्यातल्या नोंदी संशोधकांना मिळतात. आपल्याकडे पाळीवर रेंज नसते, पण नोंद नेट नसतानाही मोबाईलमध्ये करता येते आणि गावात आल्यावर पाठवता येते. किती वेळ पाहिलं, किती चाललात, किती जण होता हे ते विचारतं. शेवटी ओळखलेले सगळे पक्षी लिहिलेत का, असंही विचारतं. तिथे खरं सांगा. नुसता सारस लिहून चिमण्या-कावळे सोडले असतील तर "नाही" म्हणा.

गावच्या व्हॉट्सॲप गटात मात्र वेगळी शिस्त लागते. माझा नियम एकच: पक्षी सांगा, घरटं सांगू नका. चिखलात बसलेला थवा कुठल्या तलावावर आहे हे सांगायला हरकत नाही. पण टिटवीची अंडी, पिंगळ्याची ढोली, रातव्याची पालापाचोळ्यातली जागा किंवा सारसाची जोडी रोज रात्री जिथे थांबते ती जागा गटात टाकायची नाही. फोटोमागून फोटोवाले येतात. भर उन्हात टिटवी उठली की अंडी तापतात, ती पोटाची पिसं भिजवून आणून त्यांना गार ठेवत असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घरटं किंवा अंडी विस्कटणं हेही शिकारीतच धरलं आहे, पण गटात कायदा सांगितला की लोक चिडतात, म्हणून मी अंडी तापतात एवढंच सांगतो. ते पटतं.

फोटो पाठवण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातली जागेची माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते. आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाकायचं असेल तर जागा "अस्पष्ट" ठेवायची सोय आहे, मग नकाशावर साधारण वीस किलोमीटरचा चौकोन दिसतो आणि नेमकी बोडी झाकलेली राहते.

आता जनावरं. इथे पक्ष्यांचा नियम उलटा होतो, जागा आणि वेळ आधी सांगायची. मार्च-एप्रिलात बाया-माणसं अंधार असतानाच मोहाखाली जातात. फुलं वेचताना माणूस खाली वाकलेला असतो, आजूबाजूला लक्ष नसतं. अस्वलही त्याच फुलांवर येतं, वाघ-बिबट त्याच वाटेनं पाण्याला जातात. अशा वेळी "अमुक नाल्याजवळ, पहाटे पाचला, अस्वल आणि दोन पिल्लं, मी स्वतः पाहिलं" ही एक ओळ पुरते. पिल्लांचा उल्लेख सोडू नका, पिल्लांची अस्वलीण फार वाईट. "स्वतः पाहिलं", "ठसा पाहिला" आणि "ऐकलं" हे तीन शब्दप्रयोग वेगळे ठेवा. आमच्या गटात यातला एक नसेल तर मी निरोप पुढे पाठवत नाही, मग पाठवणारा नात्यातला का असेना.

ठशाचा फोटो वरून काढा, शेजारी काडेपेटी ठेवा म्हणजे माप कळतं. नखांच्या खुणा उमटल्या असतील तर कुत्रा, कोल्हा किंवा तडस असण्याची शक्यता जास्त, वाघ-बिबट नखं आत घेऊन चालतात. अस्वलाचा मागचा पाय उघड्या माणसाच्या पावलासारखा उमटतो, त्यावरून गावात भुताच्याही गोष्टी निघाल्यात.

वाघाचे जुने व्हिडिओ दर उन्हाळ्यात नव्यानं फिरतात. आलेला व्हिडिओ आपल्याकडचा आहे का हे झाडांवरून पाहा. एप्रिलमध्ये आपल्याकडचा साग निष्पर्ण असतो. मागे हिरवंगार गवत दिसत असेल तर तो आत्ताचा नाही. आणि वाघ खरंच दिसला तर आधी बीटच्या, म्हणजे आपल्या भागातल्या जंगलाच्या, वनरक्षकाला किंवा गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाला फोन करा, ते न मिळाल्यास वन विभागाचा १९२६ हा फोन क्रमांक आहे. गट त्यानंतर. आधी गटात टाकलं की अर्ध्या तासात पन्नास मोटारसायकली पोचतात, आणि जनावर बिथरलं की मोह वेचणारीच सापडते. बैल किंवा गाय मारली असेल तर पंचनामा होईपर्यंत ती हलवू नका, नाहीतर भरपाईचं अडतं.

शेवटचं काम विहिरींचं. पाण्याच्या शोधात रोही (नीलगाय), रानडुक्कर, अस्वल, कधी बिबट कठडा नसलेल्या विहिरीत पडतं. पडलेलं दिसलं तर गर्दी हटवा, दोर-खाट स्वतः सोडू नका, वनरक्षकाला बोलवा. पण त्याआधी, फिरताना जिथे जिथे उघडी विहीर दिसेल तिथे वावराच्या धुऱ्यावरची (बांधावरची) ओळखीची खूण लिहून ठेवा: "आंब्याच्या मोठ्या झाडापासून दक्षिणेला, नाल्याच्या अलीकडे." चैत्र संपायच्या आत यादी करा आणि एक प्रत ग्रामपंचायतीत, एक वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या. तोंडी सांगू नका. मी एका कार्यालयात तोंडी सांगितलं होतं, पुढच्या उन्हाळ्यात "अशी काही माहिती आलीच नाही" असं ऐकायला मिळालं. आपल्याजवळच्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्या.