मैदान ‘विकसित’ होणार म्हटल्यावर काय करायचं

आधीच सांगून टाकते, मी खेळाच्या विरोधात नाही. शाळेत आणि नंतर क्लबकडून खो-खो खेळले, मातीवर, गुडघे फोडून घेत. नोकरी वीज खात्यात, हिशेब शाखेत झाली. आता निवृत्त आहे, पुण्यात तळजई टेकडीच्या पायथ्याशी राहते. आमच्या मागच्या मैदानावर कृत्रिम गवताचं टर्फ, चारी बाजूंनी जाळी, उंच खांबांवर दिवे आणि तासावर भाडं, असा बेत आला, तेव्हा आम्ही काहीजणांनी तो अडवला. पुढे वाटाघाटी करून त्यातलं थोडं स्वीकारलं. तेव्हापासून कर्वेनगर, बिबवेवाडी, सिंहगड रोड अशा ठिकाणांहून ओळखीपाळखीचे फोन येतात, ‘ताई, आमच्याकडेही फ्लेक्स लागलाय, काय करू?’ दर वेळी तेच सांगण्यापेक्षा लिहूनच टाकते.

फ्लेक्स दिसला की लगेच सह्यांची मोहीम काढू नका. फ्लेक्सवर फोटो असतात, माहिती नसते. पहिलं काम म्हणजे ही जागा नकाशावर काय आहे ते शोधणं.

पुण्यात ज्याला सगळे सरसकट ‘ग्राउंड’ म्हणतात, ते कागदावर निरनिराळं निघतं. विकास आराखड्यात क्रीडांगण म्हणून आरक्षित केलेली जागा असेल. बिल्डरने महापालिकेला दिलेली ॲमेनिटी स्पेस, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी सोडलेली जागा असेल. जुन्या सोसायटीच्या ले-आऊटमधली मोकळी जागा असेल, जिच्यावर तुमचाच हक्क असू शकतो आणि तुम्हालाच ते माहीत नसतं. शाळेचं मैदान असेल, नाहीतर कुणाची खासगी जमीन, जिथे आजवर कुणी हटकलं नाही एवढंच. प्रत्येक प्रकारात भांडण वेगळं. म्हणून सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर काढा, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा आणि महापालिकेतून त्या नंबरचा झोन दाखला, म्हणजे आराखड्यात ती जागा कशासाठी आहे याचा दाखला घ्या. जुन्या हद्दीचा आराखडा 2017 मध्ये मंजूर झालेला आहे, त्याचे नकाशे पाहता येतात. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं हद्दीत आली, तिथे राहत असाल तर जुन्या हद्दीचा नकाशा बघत बसू नका, तो तुमचा नाही.

दाखल्यावर ‘क्रीडांगण’ लिहिलेलं असेल आणि येणार असेल टर्फ, तर ‘आरक्षण बदललं’ अशी ओरड करण्यात अर्थ नाही. कागदावर क्रीडांगणाचं क्रीडांगणच राहतं. तिथे भांडण कराराचं आहे: जागा कुणाला, किती वर्षांसाठी, कोणत्या अटींवर. पण त्याच जागेवर हॉल, मंगल कार्यालय, दुकानांचे गाळे असलं काही दिसलं तर मामला वेगळा. आरक्षण बदलायचं तर नगररचना कायद्याच्या, म्हणजे 1966 च्या एमआरटीपी कायद्याच्या कलम 37 खाली प्रस्ताव जावा लागतो, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते आणि हरकतीसाठी एक महिना मिळतो. ती सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात असते. वाड्यातल्या आजोबांसारखे पेपर शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारे कुणी तुमच्यात असतील तर हे काम त्यांच्याकडे द्या.

नगरसेवकाच्या मागणीवरून होणारी कामं बऱ्याचदा महापालिकेच्या अंदाजपत्रकातल्या ‘स’ यादीतून, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीतून येतात. मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपल्यावर बरीच वर्षं सभागृहच नव्हतं, आयुक्तच प्रशासक होते, त्यामुळे त्या काळातल्या कामांचा माग ठरावांपेक्षा प्रशासकीय मंजुऱ्यांमध्ये लागतो. काम कुठल्या खात्याकडे आहे ते विचारा. भवन रचना, क्रीडा, विद्युत, उद्यान, मालमत्ता व्यवस्थापन, यातल्या तीन-चार जणांकडे एकाच मैदानाचे तुकडे असू शकतात, आणि विद्युतवाल्याला उद्यानवाल्याने काय ठरवलं याचा पत्ता नसतो. निविदा निघाली असेल तर ती महाटेंडर्स या सरकारी निविदांच्या संकेतस्थळावर सापडते.

आता माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लागतो, वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ‘नागरिकांना विश्वासात का घेतलं नाही?’ असं विचारू नका. ‘का’चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो, तो फक्त असलेले कागद देतो. आम्ही साधारण असं लिहिलं होतं:

‘सर्व्हे नं. अमुक येथील मैदान विकसित करण्याच्या कामाबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात: मंजूर पूर्वगणनपत्रक, कार्यादेश, मंजूर नकाशा, मैदान चालवण्यास देण्याबाबतचा करारनामा किंवा त्याचा मसुदा, दर व वेळा ठरवल्याचा कागद, तसेच विद्युत व्यवस्थेचा तपशील. या नस्तीची प्रत्यक्ष पाहणीही करू द्यावी.’

पूर्वगणनपत्रक म्हणजे खर्चाचा अंदाज, नस्ती म्हणजे फाइल. अर्जातलं शेवटचं वाक्य गाळू नका. प्रतींमध्ये जे येत नाही ते नस्तीच्या मार्जिनमध्ये पेन्सिलने लिहिलेलं असतं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. आम्हाला एका कार्यालयाने ‘माहिती उपलब्ध नाही’ असं कळवलं होतं आणि त्याच आठवड्यात त्याच कामाचं भूमिपूजन झालं. ते पत्र आणि भूमिपूजनाचा फोटो अपिलाला शेजारी शेजारी जोडले.

दिव्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे माझी नोकरी कामाला आली. रहिवासी म्हणतात, ‘रात्री खेळ नको’. समोरचा म्हणतो, ‘रात्री कोण खेळणार आहे? दिवे फक्त संध्याकाळी फिरणाऱ्यांसाठी.’ हा वाद तोंडी कधीच संपत नाही. वीज जोडणीचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज घ्यायची परवानगी आहे ते बघा. चार खांब, प्रत्येकावर 400 वॅटचे चार एलईडी फ्लडलाइट धरले तर 6.4 किलोवॅट होतात. दोन खोल्यांच्या घराचा भार दोन-तीन किलोवॅट असतो. फिरणाऱ्या आजी-आजोबांना वाट दिसावी म्हणून कुणी एवढा भार घेत नाही. दुसरं म्हणजे जोडणीचा अर्ज कुणाच्या नावावर आहे ते पाहा. महापालिकेच्या नावावर असेल तर एक अर्थ. चालवणाऱ्या ठेकेदाराच्या नावावर व्यापारी वापरासाठी मागितलेली असेल, तर करार व्हायच्या आधीच कुणीतरी धंद्याचं गणित मांडलेलं आहे. महावितरणही माहिती अधिकाराखाली येते, तिथे वेगळा अर्ज करा. आमच्या बैठकीत मी भाराचा आकडा वाचून दाखवला, तेव्हा ‘संध्याकाळी फिरणाऱ्यांसाठी’ हे वाक्य पुन्हा कुणी उच्चारलं नाही.

आवाजाचं म्हणाल तर 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे 10 ते 6. ध्वनिक्षेपक रात्री 10 नंतर बंद. पण बॉक्स क्रिकेटमध्ये, म्हणजे जाळीच्या आतल्या क्रिकेटमध्ये, स्पीकर असतोच असं नाही. जाळीवर आपटणारा चेंडू आणि ‘हाऊज दॅट’ पुरेसं असतं. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप पुरावा म्हणून टिकणार नाही, मात्र कुठल्या वेळी त्रास आहे याची नोंद ठेवायला चांगलं. तक्रार 112 वर करता येते. तरी माझं मत असं की रोज रात्री पोलिसांना बोलावण्यापेक्षा वेळ करारातच लिहून घ्यावी.

आता ज्याला मी सगळ्यात जास्त मान देते ते काम. आठवडाभर मैदानावर कोण येतं ते लिहून काढा. सकाळी सहाला कोण, शाळा सुटल्यावर कोण, रविवारी दुपारी कोण. मुली किती, वस्तीतली मुलं किती, पोलीस भरतीसाठी धावणारी किती, सायकल शिकणारी किती. वही घ्या, आळीपाळीने बसा. एरवी तुमची ओळख काय होते? दुपारच्या झोपेला सांभाळणारे बाल्कनीवाले पुणेकर. आणि पुढारी ती ओळख दोन मिनिटांत जमवतात: ‘हे लोक मुलांना खेळू देत नाहीत.’ वही दाखवली की प्रश्न उलटतो. आज फुकट खेळणारी एवढी मुलं तासाचं भाडं कुठून देणार?

टेपही सोबत न्या. खो-खोचं मैदान 27 मीटर बाय 16 मीटर, कबड्डीचं 13 बाय 10. जागेचा कच्चा आराखडा काढून त्यावर ही मैदानं बसवून बघा, मग त्यावर प्रस्तावित टर्फ काढा. आमच्याकडे एक टर्फ बसलं की बाकी उरत होती ती फक्त पार्किंगची पट्टी. हे चित्र एका कागदावर काढून सोसायटीच्या सूचनाफलकावर लावलं आणि तोवर ‘मला काय करायचंय’ म्हणणारे शेजारी खाली उतरले. खो-खोचे नियम ज्या शहरात डेक्कन जिमखान्यावर बसवले गेले, तिथे खो-खोला माती उरू नये, याचा मला वैयक्तिक रागही आहे. तो पत्रात लिहिला नाही.

क्रिकेट खेळणाऱ्या मुलांशी आणि गणपती मंडळाशी आधी बोला. बाहेरून वाटतं की ही सगळी टर्फच्या बाजूची. आमच्याकडच्या मुलांना दिवे हवे होते, पण भाडं भरायचं आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना घाबरवू नका, करारातलं दराचं पान वाचायला द्या.

पत्र क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना, प्रती खातेप्रमुखांना. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय परत येऊ नका, ‘ठेवून जा, बघतो’ याला काही अर्थ नसतो. मागण्या मोजक्या आणि मोजता येतील अशा ठेवा. दिवे 9 ला बंद, टायमर स्विचने. दिव्यांना घराच्या बाजूने आडोसा. रोज ठरावीक वेळ सर्वांना मोफत. फाटकाला कुलूप कुणी लावायचं त्याचं पद लिहिलेलं. स्वच्छतागृह. आणि पाणी कुठे जाणार ते. टर्फखाली खडी-मुरूम दाबून बसवतात, त्यामुळे निचऱ्याची नाली कुठे सोडली आहे हे नकाशावर दिसलंच पाहिजे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने सहकारनगर, अरण्येश्वर भागात काय केलं ते आमच्याकडे सगळ्यांना आठवतं. या प्रश्नावर कुठल्याही अधिकाऱ्याने हसून वेळ मारून नेली नाही.

झाडं असतील तर घाई करावी लागते. 1975 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे तोडायच्या झाडावर आणि वर्तमानपत्रात नोटीस लागते आणि हरकतीसाठी 7 दिवस असतात. नोटिशीचा तारखेसह फोटो काढा. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा अधिक वयाचं झाड वारसा वृक्ष ठरतं. हरकतीत झाडाचा प्रकार, बुंध्याचा घेर आणि ‘खांब तीन मीटर सरकवला तर झाड वाचतं’ असं लिहा. नुसतं ‘झाडं वाचवा’ लिहिलेल्या अर्जाला पुनर्रोपणाचं छापील उत्तर येतं.

कोर्टाचा विचार शेवटी करा, पण वेळेची गणितं आधीपासून लक्षात ठेवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे, कारण घडल्यापासून 6 महिन्यांत जावं लागतं. मात्र राज्याचा वृक्ष कायदा त्यांच्या अखत्यारीतल्या कायद्यांच्या यादीत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे, त्यामुळे तो मार्ग तिथे उघडा आहे. बाकीसाठी उच्च न्यायालय, म्हणजे मुंबई. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, पण पुणे त्यात नाही, तेव्हा आपली डेक्कन क्वीन चुकत नाही. वकिलाला भेटाल तेव्हा बंगलोर मेडिकल ट्रस्टच्या 1991 च्या निकालाबद्दल विचारा. सार्वजनिक उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देणं सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलं आणि आसपासच्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे, हेही सांगितलं.

आमचं कसं मिटलं ते विचारतात म्हणून सांगते. पूर्ण मैदानावर टर्फचा बेत रद्द झाला, अर्ध्या भागाची माती राहिली, एका कोपऱ्यात जाळी आली, दिवे चारऐवजी दोन खांबांवर. काही शेजारी यावरही नाराज आहेत, त्यांना एकही खांब नको होता. मला ही तडजोड पटते, कारण अंधारात मुली मैदानावर थांबत नव्हत्या, आता थांबतात.

काम झालं की फाइल बांधून माळ्यावर टाकू नका. वेळा, दर आणि तक्रारीचा नंबर लिहिलेला फलक फाटकावर लावून घ्या, त्याचा फोटो ठेवा. टायमर दर पावसाळ्यानंतर तपासून घ्यायला सांगा, वीज गेली की त्यातली वेळ पुढे-मागे होते आणि दिवे साडेदहापर्यंत जळत राहतात. आणि कराराची मुदत कधी संपते ती तारीख सोसायटीच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात नोंदवा. नूतनीकरणाचा प्रस्ताव मुदतीच्या बऱ्याच आधी फिरायला लागतो, म्हणून माहितीचा नवा अर्ज मुदत संपायच्या सहा महिने आधीच टाका.