वेल्ह्याला शिधा घेऊन निघण्याआधी

पुण्याहून वेल्ह्याच्या डोंगरी वस्त्यांवर पहिल्यांदाच फूड बँकेची गाडी घेऊन निघणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मार्केट यार्डात जाण्याची घाई करू नका. आधी वस्तीवरच्या अंगणवाडीताईंना नाहीतर आशाताईंना फोन लावा आणि घरं किती हे न विचारता चुली किती ते विचारा. एकाच छपराखाली दोन भावांच्या दोन चुली असतात, आणि शंभर घरं धरून गेलेली गाडी शेवटच्या वीस चुलींना रिकामी दिसते. त्याच फोनवर रेशनकार्ड कोणाकडे आहे, कोणाचा अंगठा मशीनवर जुळत नाही आणि वीटभट्टीवरून कोण अजून परतलं नाही, एवढं लिहून घ्या.

रेशनचं विचारायचं कारण सांगतो. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य मिळतं, प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो, आणि जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे. म्हणजे कार्ड चालू असलेल्या घरात भात शिजतो, पण त्यावर वाढायला काही नसतं. तरी दानात लोक तांदूळच आणून देतात, कारण गोणी डोळ्यांत भरते. आपल्या किटमध्ये तांदूळ नसतो. दोन किलो तूरडाळ, एक किलो मटकी किंवा हुलगे, दोन लिटर तेल, शेंगदाणे, गूळ आणि मीठ एकेक किलो, एवढंच. कार्ड नसलेल्यांसाठी दहा किलोचे तांदळाचे कट्टे वेगळे बांधा, त्यांच्यावर नावं घाला.

डाळ घेताना गोणीत कोपरापर्यंत हात घाला. वरचा थर नेहमीच छान असतो. हाताला गारवा लागला किंवा पीठ चिकटलं तर ती गोणी नको, पुढे सोनकिडा होणार. गोदामात फळ्यांवर रचा, भिंतीपासून हातभर लांब, आणि जुना माल आधी बाहेर काढा. फोडलेल्या मसाल्याच्या पुड्या नि मुदत संपत आलेली पाकिटं नम्रपणे परत करा. ओट्स दरवर्षी कोणीतरी पाठवतंच. ते शहरातल्या वसतिगृहाला द्या. लग्नाच्या हॉलमधलं उरलेलं जेवणही शहरातच, तासाभरात पोचेल तिथेच जाऊ दे. घाटात नेलेल्या आमटीची काय गत होते ते मी एकदा पाहिलंय, पुन्हा पाहायचं नाही.

शंभर किट म्हणजे आठशे किलो. छोटा हत्ती तो भार चढावर नेताना रडतो, पिकअपच ठरवा. वर ताडपत्री, खाली दुसरी ताडपत्री; पाणी खालूनच जास्त येतं. सातारा हायवेवरच्या चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे वळल्यावर पुढे रेंजचा भरवसा धरू नका, म्हणून यादी कागदावर हवी, दोन प्रतींत. आणि पालख्या पुण्यात मुक्कामी असतात ते दिवस टाळा: रस्ते बंद, हमाल मिळत नाहीत, गाडीवाला फोन उचलत नाही.

तारखेबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. सगळे जूनच्या आधी जातात, रस्ते धड असतात म्हणून. तेही हवंच, मे महिन्यात शाळेतली खिचडी बंद असते आणि भट्टीवरून माणसं तेव्हाच परततात. पण भाताची लावणी चालू असताना हातात मजुरी असते. खरी ओढाताण लावणी उरकल्यावर, श्रावण-भाद्रपदात सुरू होते, कारण भात कापायला दिवाळीची वाट बघावी लागते. शिधा दोन फेऱ्यांत वाटा, मोठी फेरी दुसरी ठेवा.

कातकरी वस्तीवर जाणार असाल तर तहसीलच्या पुरवठा शाखेतले रेशनकार्डाचे अर्ज नि ते भरून देणारा एक माणूस सोबत न्या. कार्ड नसलेलं एक घर सापडलं तर त्या अर्जाचं मोल आपल्या किटहून जास्त. फोटो काढायचाच झाला तर गाडीचा काढा, हात पसरलेल्या माणसाचा नको. वाटप वस्तीतल्याच मावशींच्या हातून होऊ द्या, आपण पिशव्या उचलायच्या.

परतताना रिकाम्या गोण्या मोजून आणा. मग पंधरा दिवसांनी ताईंना पुन्हा फोन करा आणि आधी काय संपलं ते विचारा. आमच्याकडे तेल संपलं होतं, सातव्या दिवशी. दुसऱ्या फेरीत दोनाचे तीन लिटर केले, गूळ अर्ध्यावर आणला.