एका एट्यूडपाशी तीन महिने: क्लासिकल गिटारचा रियाज

पहिली चार वर्षं मी एट्यूड, म्हणजे एखादं तंत्र घोटण्यासाठी रचलेल्या छोट्या रचना, 'संपवत' होते. कारकासी या संगीतकाराच्या ओपस 60 मध्ये (ओपस म्हणजे संगीतकाराच्या कामाचा क्रमांक) 25 आहेत. वहीत प्रत्येकापुढे तारीख आणि बरोबरची खूण. बोटं पळायला लागली, पण नवीन नोटेशन समोर आलं की त्यातला कोणता सूर पुढे यायला हवा, हे काही मला कळायचं नाही. मग सगळं थांबवलं आणि गिटारसाठी लिहिणाऱ्या फर्नांडो सोरचं एकच एट्यूड धरलं: ओपस 35 मधलं 22वं, बी मायनर या स्वरपट्टीतलं. ते तीन महिने घोटताना जे हाती लागलं, ते लिहिते आहे.

आधी एक व्यवहाराची गोष्ट. गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाने सोरची 20 एट्यूड निवडून 1945 मध्ये छापली, त्यात हेच एट्यूड पाचव्या क्रमांकावर आहे. त्यामुळे शोधताना नेहमी ओपस क्रमांक बघा, नुसत्या 'पाचव्या'वर जाऊ नका.

पहिले दोन दिवस गिटार पेटीतच राहू द्या. कागद समोर घ्या आणि वरची सुरावट गा. आवाज कसाही असो, गा. जिथे श्वास घ्यावासा वाटेल तिथे पेन्सिलीने खूण करा. पुढे वाजवताना वाक्य तिथेच संपतं, आणि हे बोटांना कधीच कळत नाही, गळ्याला लगेच कळतं.

मग गिटार घ्या, पण आर्पेजिओ, म्हणजे एकामागून एक सुटे सूर, वाजवू नका. प्रत्येक मात्रेतले सुटे सूर एकत्र करून कॉर्ड म्हणून, म्हणजे एकदम, वाजवा. डाव्या हाताचे आकार दिसायला लागतात: एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना कोणतं बोट जागेवरच राहतं, कोणतं त्याच तारेवरून सरकतं. जे राहतं त्याला उचलू नका. माझी निम्मी धडपड एवढ्यानेच कमी झाली.

यानंतरचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक जण तोच गाळतात. वरची सुरावट एकटी वाजवा, मग खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचे सूर, एकटा वाजवा. दोन्ही वेळा बोटं मात्र पूर्ण एट्यूडमध्ये असतात तीच. खर्ज एकटा वाजवला तेव्हा मला वाटलं, छान जमलंय. फोनवर रेकॉर्ड करून पूर्ण एट्यूड ऐकलं आणि हबकले. दुसऱ्या पडद्यावरचा (गिटारच्या दांड्यावरच्या पट्टीवरचा) बार, म्हणजे एकाच बोटाने अनेक तारा दाबणं, सोडून हात पुढच्या कॉर्डकडे जायचा होता, तिथे काळजीपोटी माझी तर्जनी अर्धी मात्रा आधीच उठत होती. खर्ज मध्येच तुटत होता, दर वेळी, त्याच जागी. वाजवताना माझं सगळं लक्ष वरच्या सुरात होतं, म्हणून तो तुटलेला कानाला लागतच नव्हता.

त्यावर उपाय असा केला. फक्त त्या दोन कॉर्ड घेतल्या. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) 50 वर, मात्रा तोंडाने मोजायच्या, आणि पुढची मात्रा येईपर्यंत तर्जनी तारेवरून हलवायचीच नाही. दहा वेळा, मग विश्रांती. बारचा दाबही तपासला: सहाही तारा दाबत होते, गरज मोजक्याच तारांची होती. दाब कमी केल्यावर हात मोकळा झाला आणि उशिरा निघूनही वेळेवर पोचायला लागला. त्या दोन कॉर्डना नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मला मागच्या अख्ख्या वर्षापेक्षा जास्त शिकवून गेले, असं मी अगदी मनापासून म्हणते.

उजव्या हातासाठी एक खेळ सांगते. आतले सूर वाजवायच्या ऐवजी बोट तारेला नुसतं टेकवा. आवाज फक्त वरच्या सुराचा येऊ द्या. लय तीच, बोटांचा क्रम तोच. आठवडाभराने आतले सूर हळूच परत आणा, शक्य तितके दबके. वरचा सूर आपोआप पुढे येतो, अनामिकेवर जोर द्यावा लागत नाही. बोटं अडखळत असतील तर जुलियानी या गिटारवादकाच्या ओपस 1 मधले उजव्या हाताचे 120 धडे आहेत. डाव्या हाताला त्यात सी आणि जी सेव्हन या दोनच कॉर्ड, त्यामुळे सगळं लक्ष उजव्यावर. रोज पाच मिनिटं पुरेत.

वेगाचं फार मनावर घेऊ नका.

पुढचं एट्यूड निवडताना त्याच जातीचं घेऊ नका. संगीतकार लिओ ब्रॉवरच्या सोप्या एट्यूडांपैकी पहिलं घ्या: तिथे सुरावट खाली, अंगठ्याकडे असते, आणि वरचा सूर ऐकायची सवय झालेल्या कानाला पुन्हा नव्याने बसावं लागतं. संगीतकार व्हिला-लोबोसच्या 12 एट्यूडांची घाई करू नका. 1929 मधली ही एट्यूड मला जिवापाड आवडतात. पहिल्यात डाव्या हाताचा एकच आकार एकेका पडद्याने खाली उतरत जातो आणि सुट्या तारा गुंजत राहतात, तेव्हा अंगावर काटा येतो. पण हात आखडत असेल तर ते थांबू द्या.

तीन महिन्यांनी सोरचं एट्यूड बाजूला ठेवा. महिनाभराने काढा, एकदाच रेकॉर्ड करा आणि पहिल्या आठवड्यातलं रेकॉर्डिंग शेजारी लावून ऐका, ऐकताना फक्त खर्जाकडे लक्ष ठेवून.