मादागास्करवर टिपण लिहिताय? मग या चुका टाळा

‘मादागास्कर हा जगातला चौथ्या क्रमांकाचा बेटदेश आहे.’ स्पर्धा परीक्षेच्या टिपणांत, शाळेच्या प्रकल्पवहीत, हल्ली व्हिडिओंतसुद्धा हे वाक्य बिनधास्त फिरतं. चौथा क्रमांक बेटाचा आहे, देशाचा नाही. ग्रीनलंड, न्यू गिनी आणि बोर्निओ ही तीन बेटं त्याहून मोठी. पण ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्यात मोडतं, न्यू गिनी दोन देशांत आणि बोर्निओ तीन देशांत वाटलं गेलंय. ऑस्ट्रेलियाला खंड म्हणून बाजूला ठेवलं की बेटदेशांत मादागास्कर इंडोनेशियानंतर थेट दुसरा येतो. क्षेत्रफळ सुमारे ५,८७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीला थोडंसंच कमी.

ही चूक एका ओळीत सुधारते. पुढची तशी सुधारत नाही.

पाऊस कुठल्या बाजूला?

नकाशा काढायला सांगितला की बहुतेक जण आधी किनारा गिरवतात, मग आत नावं भरतात आणि शेवटी ‘मध्यभागी पठार, उष्ण व दमट हवामान’ असं लिहून मोकळे होतात. असा नकाशा दिसायला छान असतो, पण त्यातून काहीच कळत नाही.

आधी कणा काढा. बेट उत्तर-दक्षिण सुमारे १,५८० किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त ५७० किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. साधारण १२ ते साडेपंचवीस अंश दक्षिण अक्षांशांत ते बसतं. एका अंशाला एक सेंटीमीटर धरा. साडेतेरा सेंटीमीटर उंचीचं, वरचं टोक किंचित उजवीकडे कललेलं बेट तयार होतं. त्यात डोंगराची रेघ मधोमध नाही, पूर्वेकडे सरकवून काढायची. पूर्वेला एकदम कडा, खाली किनाऱ्याची अरुंद पट्टी. पश्चिमेला मात्र उतार सावकाश आणि लांब. बेत्सिबोका, त्सिरिबिहिना, मांगोकी या मोठ्या नद्या म्हणूनच पश्चिमेला मोझांबिकच्या खाडीकडे वाहतात.

मराठी वाचकाला हे समजायला एक सोपी युक्ती आहे: सह्याद्री आरशात बघा. आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, कोकण भिजतं आणि देशावर पर्जन्यछाया पडते. तिथे आग्नेय व्यापारी वारे हिंदी महासागरावरून पूर्व किनाऱ्यावर आदळतात. तिथलं ‘कोकण’ पूर्वेला आहे आणि ‘माणदेश’ नैर्ऋत्येला. पूर्वेच्या तोआमासिना बंदरात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, नैर्ऋत्येच्या तोलिआरात ४०० मिलिमीटरच्या आसपास. एकाच देशात एवढी तफावत असताना ‘उष्ण व दमट’ हे दोन शब्द लिहून काय साधतं?

आरशाची युक्ती एका ठिकाणी मात्र फसते. आपला पाऊस चार महिन्यांचा, त्यांच्या पूर्व किनाऱ्यावर तो जवळपास बारमाही. राजधानी अंतानानारिवोत नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा असतो आणि चक्रीवादळांचा काळही साधारण तोच. मुंबई जुलैत तुंबलेली असते तेव्हा अंतानानारिवोत कोरडा हिवाळा चालू असतो आणि रात्री स्वेटर लागतो, कारण शहर सुमारे १,२८० मीटर उंचीवर आहे.

मकरवृत्त बेटाच्या मध्यावरून नेण्याची चूक तर कायमचीच. वरच्या मापाने ते वरून साडेअकरा सेंटीमीटरवर, तोलिआराच्या किंचित दक्षिणेला येतं. अंतानानारिवो वरून सात सेंटीमीटरवर. या दोन खुणा पेन्सिलीने आधी केल्या की बाकीचं आपोआप जागेवर बसतं. तयार बाह्यरेखा छापून घेणाऱ्यांना हे कधीच लक्षात राहत नाही.

सर्वांत उंच शिखर मारोमोकोत्रो (२,८७६ मीटर) उत्तरेला आहे, राजधानीजवळ नाही.

‘सहा प्रांत’

या चुकीचा सगळ्यात जास्त कंटाळा येतो. मादागास्करचे सहा प्रांत आहेत असं अजूनही लिहिलं जातं, कारण जुन्या नकाशात सहा रंग असतात. अंतानानारिवो, तोआमासिना, फियानारांत्सोआ, माहाजांगा, तोलिआरा, अंत्सिरानाना. ही शहरं आहेतच. पण प्रांतांची व्यवस्था गेली आणि ती का गेली हे समजायला २००२ सालाकडे जावं लागतं.

१६ डिसेंबर २००१ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. सत्तेवर दिदिए रात्सिराका होते, आव्हान होतं राजधानीचे महापौर मार्क रावालोमानाना यांचं. अधिकृत मोजणीत कोणालाच निम्मी मतं नव्हती, म्हणून दुसरी फेरी व्हायची होती. रावालोमानाना म्हणाले, आपण पहिल्याच फेरीत जिंकलो. राजधानीत आठवडेच्या आठवडे लोक रस्त्यावर होते. २२ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांनी स्वतःला अध्यक्ष घोषित केलं. रात्सिराका तोआमासिनाला गेले आणि तीच राजधानी म्हणून जाहीर केली. सहापैकी पाच प्रांतांचे गव्हर्नर त्यांच्या बाजूने होते. मग रस्ते अडवले गेले, पूल उडवले गेले.

इथे वरचा नकाशा पुन्हा काढून बघा. राजधानी पठारावर, तिला बंदर नाही. इंधन आणि आयात माल तोआमासिनाहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या एका घाटरस्त्याने वर चढतो. तो रस्ता तोडला की राजधानीचा गळा आवळला जातो. तसंच झालं, पेट्रोल मिळेनासं झालं. एप्रिलमध्ये संवैधानिक न्यायालयाने रावालोमानाना यांना विजयी ठरवलं, जुलैत रात्सिराका फ्रान्सला गेले. त्यानंतर २००४ मध्ये २२ विभाग आखले गेले आणि २००७ च्या सार्वमतात प्रांत मोडीत काढायला मान्यता मिळाली.

मग ‘२२’ लिहून थांबायचं का? नाही. २०२१ मध्ये वातोवावी-फितोविनानी विभागाचे दोन झाले, म्हणजे २३. २०२३ मध्ये ईशान्येला आंबातोसोआ वेगळा झाला, म्हणजे २४. आणि गंमत अशी की २०१० च्या राज्यघटनेच्या मजकुरात ‘प्रांत’ हा शब्द अजून आहेच, प्रत्यक्षात कारभार मात्र विभागांमार्फत चालतो. घटना वाचून उत्तर लिहिणारा अभ्यासू विद्यार्थीसुद्धा इथे घसरतो. म्हणून या ओळीत आकड्यापुढे कंसात साल टाकायचंच. विभागाखाली जिल्हे, त्याखाली कम्यून आणि सर्वांत खाली फोकोंतानी ही उतरंड लक्षात ठेवा. गावातल्या माणसाचा संबंध येतो तो फोकोंतानीशी.

अध्यक्ष कोण?

जुनं टिपण उतरवलं की ‘आंद्री राजोएलिना’ असं उत्तर येतं. २५ सप्टेंबर २०२५ पासून पाणी आणि विजेच्या टंचाईवरून तरुणांची निदर्शनं सुरू झाली. १४ ऑक्टोबरला संसदेने राजोएलिनांवर महाभियोग चालवून त्यांना हटवलं आणि त्याच दिवशी ‘कॅपसॅट’ या लष्करी तुकडीने सत्ता हातात घेतली. १७ ऑक्टोबरला कर्नल मिकाएल रांद्रियानिरिना यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. आफ्रिकी संघाने देशाचं सदस्यत्व निलंबित केलं. त्यामुळे ‘अर्ध-अध्यक्षीय पद्धत, पाच वर्षांची मुदत, दोन सभागृहं’ हे २०१० च्या घटनेचं वर्णन आहे, एवढं स्पष्ट लिहा. कागदावरची व्यवस्था आणि आज खुर्चीत बसलेला माणूस या दोन गोष्टी एका वाक्यात कोंबू नका.

स्वातंत्र्यदिन २६ जून १९६०. २९ मार्च १९४७ ही फ्रेंचांविरुद्धच्या उठावाची तारीख. दोन्हींची अदलाबदल करणारे भरपूर.

लोकसंख्या

मिलियनवरून कोटीत येताना शून्य घसरतं आणि २५ मिलियनचे २५ कोटी होतात. दहा लाख म्हणजे एक मिलियन, तेव्हा २५ मिलियन म्हणजे अडीच कोटी. घाई करणाऱ्यांनी भागाकार कागदावर करावा.

२०१८ च्या जनगणनेचा आकडा २,५६,७४,१९६. त्याआधीची जनगणना थेट १९९३ ची, तेव्हा लोक सव्वा कोटीच्या आत होते. पंचवीस वर्षांत दुपटीहून जास्त. आता अंदाज तीन कोटींच्या पुढे गेलेत. जनगणनेचा आकडा आणि अंदाज कधीही एकाच तक्त्यात वर्ष न लिहिता ठेवायचे नाहीत. सरासरी घनतेवरही फार विसंबू नका. राजधानीभोवतालचं पठार आणि पूर्व किनारा दाट, तर पश्चिमेचा मधला भाग मैलोन्‌मैल विरळ.

‘आफ्रिकी जमाती’ असं लिहून लोकांची बोळवण करू नका. साधारणपणे १८ गट मोजले जातात: मेरिना, बेत्सिलेओ, बेत्सिमिसाराका, साकालावा, अंतांद्रोय वगैरे. आफ्रिकेतून आलेले आणि आग्नेय आशियातून समुद्र ओलांडून आलेले, अशा दोन्ही पूर्वजांचे हे वंशज. बोली वेगवेगळ्या असल्या तरी भाषा एकच, मालागासी. तिची सर्वांत जवळची नातलग बोर्निओच्या दक्षिणेतली मान्यान भाषा. आपल्या ‘शेष’चं ‘सिसा’ हे रूप मलयमार्गे मालागासीतही पोचलंय, अर्थ तोच, उरलेलं.

उरलेल्या चुका पटापट:

दख्खनचा बेसाल्ट मादागास्करपासून तुटताना आला, हे चूक. ती फारकत सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीची, दख्खनचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. त्या जुन्या फारकतीच्या वेळचा खडक बघायचा तर कर्नाटकात मालपेसमोरच्या सेंट मेरी बेटांवर जा.

आपल्याकडची गोरखचिंच (बाओबाब) मादागास्करची नाही, आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरची आहे. मादागास्करच्या सहा जाती वेगळ्या. गुलमोहर आणि सदाफुली मात्र खरोखर तिथल्याच.

रेयुनियाँ, मायोत आणि कोमोरोस मादागास्करचे भाग नाहीत.

तामातावे आणि तोआमासिना ही दोन बंदरं नाहीत. एकाच गावाचं जुनं फ्रेंच नाव आणि मालागासी नाव आहे.

चलन आरिआरी. त्याचे शंभर भाग करू नका: एक आरिआरी म्हणजे पाच इराइंबिलांजा.