दार-ए-सलाममधले बारा वाजले तेव्हा

टांझानियात वार्तांकनाला आल्यावर माझी पहिली मोठी बातमी हुकली ती घड्याळामुळे. किवुकोनी मासळीबाजारातल्या एका मच्छीमार काकांनी लिलावासाठी बोलावलं होतं: 'सा कुमी ना म्बिली'. म्हणजे बारा. दुपारी बाराला पोहोचले, तर लिलाव पहाटेच आटोपलेला. काका माझी वाट पाहून घरी गेले होते, याचं फार वाईट वाटलं.

स्वाहिलीत, म्हणजे इथल्या भाषेत, तास सूर्योदयापासून मोजतात, हे तेव्हा कळलं. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. बारा म्हणजे आपले सहा. दार-ए-सलाम शहर विषुववृत्ताजवळ असल्याने दिवस वर्षभर साधारण सारखाच, म्हणून हे गणित बसतं. आपल्याकडेही घटिका सूर्योदयापासूनच मोजत, हे आठवलं आणि मग ते परकं वाटेना.

उपाय सोपा निघाला. घड्याळात ऐकलेल्या आकड्याच्या बरोबर समोरचा आकडा पाहायचा: तीन ऐकलं तर नऊ. पण तेवढ्याने भागत नाही. लोक इंग्रजीत बोलताना बहुधा आपल्यासारखीच वेळ सांगतात. घोळ होतो तो दोन्ही भाषा मिसळल्या की. म्हणून मी दर वेळी विचारते, 'असुबुही की जिओनी?', सकाळ की संध्याकाळ, आणि वहीत दोन्ही वेळा लिहून समोरच्याला दाखवते.

पुढच्या आठवड्यात काकांची माफी मागितली. सहाच्या आधीच बाजारात हजर होते. लिलाव पूर्ण टिपला.