पोलराइज्ड गॉगल घेताय? गरवणाऱ्यांनी आणि गाडी चालवणाऱ्यांनी या चुका टाळा

रायबंदरात राहून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करायची म्हणजे दिवसातून दोनदा सूर्याशी समोरासमोर गाठ. सकाळी पूर्वेकडे जायचं, ऊन तोंडावर. संध्याकाळी पश्चिमेकडे परतायचं, पुन्हा तोंडावर. फोंड्याहून पणजीला कामाला येणारे समोरच्या बाजूने पाठीवर ऊन घेत मजेत जातात, त्यांचा मला रोज हेवा वाटतो. त्यात रविवारी ओहोटीची वेळ बघून गरी उचलायची आणि गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, पाण्यावर जायचं, हे व्यसन. म्हणजे डोळ्यांना सुट्टी नाहीच. आतापर्यंत पाच गॉगल झाले. पैकी तीन निव्वळ चुकीचे घेतले, एक चांगला असून वाया घालवला. त्या चौघांनी जे शिकवलं ते इथे लिहितोय.

पहिला गॉगल एका फेस्ताच्या फेरीत, म्हणजे चर्चच्या जत्रेत, घेतला. काळाकुट्ट, वर ‘पोलराइज्ड’ असं चिकटवलेलं. घालून मांडवीच्या काठावर बसलो, तर पाणी तेवढंच चमकत होतं, फक्त अंधारात चमकत होतं. ती होती नुसती रंगवलेली प्लास्टिकची काच.

काळेपणावर जाऊ नका

तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जातात, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. काच किती काळी, हा एक मुद्दा. ती अतिनील किरण अडवते का, हा दुसरा. ती पोलराइज्ड आहे का, हा तिसरा. एक असलं म्हणजे बाकीचे दोन आपोआप येतात असं नाही.

त्यातला अतिनीलचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच कोणी विचारत नाही. काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते. काच अतिनील किरण अडवत नसेल तर मोठ्या झालेल्या बाहुलीतून ते जास्तच आत जातात. म्हणजे असला गॉगल घालण्यापेक्षा न घातलेला बरा. जन्मभर उन्हात पाण्यावर काढलेल्या माणसांच्या डोळ्यांत नाकाच्या बाजूने बुबुळावर चढत आलेलं मांस तुम्ही पाहिलं असेल. त्यामागे ऊन, म्हणजे हेच किरण, हे एक मोठं कारण मानतात. गॉगलवर ‘यूव्ही ४००’ लिहिलेलं हवं. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात, असा त्याचा अर्थ. लिहिलेल्यावर विश्वास नसेल तर चष्म्याच्या दुकानात यूव्ही मोजण्याचं छोटं यंत्र असतं, त्यात धरून दाखवायला सांगा. दोन मिनिटांचं काम.

पोलराइज्ड काच नेमकं काय करते? सूर्याचा प्रकाश सगळ्या दिशांनी थरथरत येतो. पाणी, डांबर, गाडीचं बॉनेट अशा सपाट पृष्ठभागावर आपटून परतताना त्यातला आडवा थरथरणारा भाग जास्त उरतो. डोळ्याला खुपणारी चकाकी ती हीच. काचेच्या आतली पातळ फिल्म उभा प्रकाश सोडते, आडवा अडवते. सीताफळातून बिया तेवढ्या काढाव्यात तसं. बस, तिचं काम एवढंच. बाकी काही ती करत नाही.

दुकानातल्या चित्रावर विसंबू नका

काउंटरवर एक चित्र ठेवलेलं असतं. गॉगल घातला की त्यात लपलेला मासा दिसतो आणि आपण खूश होऊन पैसे काढतो. काच पोलराइज्ड आहे एवढं त्यातून कळतं, खरं आहे. पण दोन्ही काचा फ्रेममध्ये सरळ बसल्यात का, हे त्यातून कळत नाही.

माझा दुसरा गॉगल असाच होता. मासा झकास दिसला. पण गाडी चालवून अर्ध्या तासात कपाळ दुखायचं. महिनाभर मी चष्म्याचा नंबर वाढला असं समजून होतो. शेवटी कळलं, डाव्या काचेतली फिल्म तिरकी बसलेली. एक डोळा चकाकीविना बघतोय, दुसरा चकाकीसकट, आणि बिचारा मेंदू दोघांचं भांडण मिटवतोय.

तपासायचं असं. दुकानातली गुळगुळीत फरशी किंवा बाहेर उभ्या गाडीचं बॉनेट बघा, जिथे उजेड पडून चमकतोय. एक डोळा मिटा, मान हळूहळू दोन्ही खांद्यांकडे कलती करा. मान सरळ असताना चमक सर्वांत कमी दिसली पाहिजे. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळ्यांचं उत्तर सारखं यायला हवं. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

चित्रही नसेल तर दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर गॉगल धरून पाव वळसा फिरवा. कुठेतरी पडदा काळा पडला तर काच पोलराइज्ड.

मावळतीच्या सूर्याला पोलराइज्ड काच पुरत नाही

माझी सर्वांत मोठी निराशा ही. चांगला, महागडा तिसरा गॉगल घेतला तो खास संध्याकाळच्या परतीसाठी. परतताना पुढे पणजीत काही काम असेल तर रायबंदरहून पाट्टोकडे जाणारा तो जुना, पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात बांधलेला लांबलचक बांध पार करावा लागतो. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि कांदळवन. मे महिन्यात साडेसहाला त्या बांधावर गाडी घातली की समोर सूर्य आणि उजव्या हाताला पाणी, दोघे मिळून डोळ्यांत सुया खुपसतात. नवा गॉगल घातला. थोडं बरं वाटलं, पण दुकानदाराने वर्णन केलेला चमत्कार काही झाला नाही.

कारण साधं आहे आणि दोनशे वर्षांपासून माहीत आहे. १८०८ मध्ये पॅरिसमध्ये मालुस नावाच्या फ्रेंच माणसाने एका राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारं ऊन कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिलं आणि परावर्तनाने प्रकाश बदलतो हे त्याच्या लक्षात आलं. पुढे १८१५ मध्ये ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने दाखवलं की हा परिणाम एका ठरावीक कोनातच पुरेपूर होतो. पाण्याच्या बाबतीत सूर्य क्षितिजापासून साधारण ३७ अंश वर असला पाहिजे. आपल्याकडे ही वेळ म्हणजे मोसमानुसार सकाळी नऊ-दहाच्या आणि दुपारी तीन-चारच्या आसपासची. तेव्हा पोलराइज्ड काच जादू करते. सूर्य पार खाली उतरला की परतणाऱ्या प्रकाशात उभा-आडवा फरक फारसा राहत नाही, आणि काच तो निवडून काढू शकत नाही. थेट डोळ्यात येणारं सूर्याचं ऊन तर मुळात निवडलेलं नसतंच. त्याच्यासमोर ही काच साध्या काळ्या काचेसारखीच.

म्हणून मावळतीला उपाय वेगळा. सन-व्हायजर खाली, डोक्याला पुढे झाप असलेली टोपी, आणि समोरची काच आतून धुतलेली. आतून, हे मुद्दाम सांगतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने बाहेरून मिठाचा थर बसतो, तो आपण पुसतो. आतून बसलेला तेलकट धुरकट थर मात्र वर्ष-वर्ष तसाच राहतो, आणि समोरचं ऊन त्याच थरावर पसरून सगळं पांढरं करतं. मी तो काढला तेव्हा जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच गॉगलने पाडला नव्हता.

गढूळ पाण्यात मासे शोधू नका

गॉगल घातला की पाण्याच्या तळाचे मासे मोजता येतील, असा एक समज आहे. चकाकी जाते, गढूळपणा जात नाही. जुलैतल्या मांडवीत काही दिसणार नाही, तुम्ही काहीही घाला.

मग उपयोग कशाचा? निवळ दिवसांत, उथळ पाण्यात, जागा ओळखण्याचा. खडकावरची कालवं, पाण्याखाली गेलेला खांब, कोणाच्या तरी जाळ्याची दोरी, कांदळवनाच्या मुळांमागची सावली. चोणक आणि तांबोशी हे मासे अशाच आडोशाला दबा धरून असतात. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, मानशीजवळ (पाणी सोडायच्या दारापाशी) ओहोटीचं पाणी बाहेर पडताना प्रवाह कुठे वळतोय हे दिसलं, तरी गळ कुठे टाकायचा ते निम्मं ठरतं. शेवटे माशांचा थवा काठाजवळून गेला तर तोही दिसतो, गळाला लागत नाही तो भाग वेगळा.

गरवताना मान ताठ ठेवणं हीही चूकच. हे मला एका म्हाताऱ्या गरवणाऱ्याने शिकवलं. माझा नवा गॉगल त्याने घालून बघितला, पाण्याकडे पाहिलं, परत दिला आणि म्हणाला, “मान मात्शी वांकडी कर मरे.” केली. समोरचा राखाडी चमकता पट्टा विझला आणि खालचा दगड वर आल्यासारखा दिसला. आकाशाचा प्रकाशही थोडा पोलराइज्ड असतो, तो पाण्यावर पडून परतताना चकाकी नेमकी आडवीच राहते असं नाही. आपण मान कलती करून तिला गाठायचं.

एकाच काचेत सगळं मागू नका

रंग आणि काळेपणा कामाप्रमाणे ठरतो. काळेपणाच्या श्रेणी असतात. श्रेणी २ मधून १८ ते ४३ टक्के उजेड आत येतो, श्रेणी ३ मधून ८ ते १८ टक्के, श्रेणी ४ मधून फक्त ३ ते ८. चौथी श्रेणी गाडी चालवायला नाहीच, तिच्यावर गाडीचं फुली मारलेलं चित्र असतं. होडीवरून भर समुद्रात जाणाऱ्यांना ती आवडते आणि मग तोच गॉगल घालून ते घरी गाडी चालवत येतात. चोर्ल्याच्या घाटात झाडांची सावली आणि ऊन आळीपाळीने येतं, तिथे सावलीतला वळणावरचा माणूस दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

गाडीसाठी माझं मत राखाडी काच, श्रेणी ३. रंग जसेच्या तसे दिसतात, सिग्नलचा गोंधळ होत नाही. नदी, खाडी आणि खाजनात तांबूस-तपकिरी काच. हिरवट पाण्यात तळ आणि सावल्या उठून दिसतात. खोल निळ्या पाण्यात पुन्हा राखाडी. दोन्हीसाठी एकच परवडत असेल तर फिकट तपकिरी घ्या, मी तेच केलं असतं. निळा-लाल आरसा चढवलेल्या काचा बघून भुलू नका, तो वरचा मुलामा असतो. गॉगल उलटा धरून आतून बघा, खरा रंग तिथे दिसतो.

पिवळी काच रात्री गाडी चालवायला म्हणून विकतात. रात्री उजेड आधीच कमी, त्यातला आणखी कापून काय मिळणार? आणि उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा गाडीत बसल्यावर फारशा काळ्या होत नाहीत, कारण त्यांना काळं करणारे अतिनील किरण समोरची काच आधीच अडवते. बिघडल्या म्हणून दुकानात परत नेऊ नका.

बिघाड वाटतो, पण बिघाड नसतो

स्कूटरचा डिजिटल मीटर किंवा मोबाइल अचानक काळा दिसला तर घाबरू नका, त्या पडद्याचा प्रकाशही पोलराइज्ड असतो. मोबाइल आडवा करा. होडीवरच्या मासे शोधण्याच्या यंत्राचं तसं करता येत नाही, म्हणून होडीवाल्यांनी यंत्र बसवण्याआधी गॉगल घालून त्याचा कोन ठरवावा.

पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी दिसते. कडक केलेल्या काचेतला ताण तो. हेल्मेटच्या काचेत इंद्रधनुष्य दिसतं, तेही प्लास्टिक साच्यात ओतताना राहिलेल्या ताणामुळे. पायलट लोकांनी, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्यांनी, आणि दिवसभर दुचाकीवर असणाऱ्यांनी हेल्मेट सोबत नेऊनच गॉगल निवडावा. रंगांचे पट्टे फार असतील तर साधी, अतिनील अडवणारी काच बरी.

दुचाकीवाल्यांसाठी आणखी एक. पावसाळ्यात ऊन पडलं की ओल्या रस्त्याची चमक या काचेने जाते, आराम वाटतो. पण पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खूणही ती चमकच असते. पावसाळी रस्त्यावर मी गॉगल कपाळावर चढवतो.

चांगला गॉगल वाया कसा जातो

चौथा माझ्याच हाताने गेला. खाऱ्या पाण्याचे थेंब वाळून काचेवर मिठाचे कण राहिलेले, ते शर्टाच्या टोकाने पुसले. सॅंडपेपर फिरवल्यासारखी काच झाली. आधी गोड्या पाण्याखाली धरायचा, मगच मऊ कापड. कांदळवनात संध्याकाळी डासांचं मलम लावलेल्या बोटांनी काच उचलू नका. त्यातलं डीट नावाचं रसायन प्लास्टिक खातं, बोटाचा ठसा कायमचा उमटतो. आणि एप्रिलच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या स्वस्त पोलराइज्ड काचेचे थर सुटायला लागतात, कडेने फुगे येतात. ते परत बसत नाहीत.

गरवताना तर दोरी हवीच, तीही तरंगणारी. माझा तिसरा गॉगल, तो महागडा, चोडणच्या फेरीबोटीच्या धक्क्याजवळ मांडवीच्या तळाशी आहे. वाकून मासा वर घेत होतो. मासा काळुंदर निघाला, तळहाताएवढा, तो परत सोडला.